‘कधी कधी’ पाळलेला नियम

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, की पुन्हा चालू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरत होती. ती पुन्हा वर्गात भरू लागली तरी मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटेना, म्हणून ग्रामसभेत हे ठरलं. या बातमीत बहुतेकांना मोबाइलबंदी दिसली. मला त्यातला भोंगा महत्त्वाचा वाटतो. तो रोज वाजतो आणि सगळ्यांसाठी वाजतो.

त्याचं महत्त्व कळायला आधी लक्ष म्हणजे काय ते पाहू. फळ्यावर समीकरण सुटत असतं तेव्हा मागची पायरी मुलाला डोक्यात धरून ठेवावी लागते. हे धरून ठेवण्याचं काम करणारी स्मृती म्हणजे एक लहानशी पाटी. तिच्यावर एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. खिशातला फोन थरथरला की ‘कोणाचा असेल?’ हा प्रश्न त्या पाटीवर येऊन बसतो आणि मागची पायरी पुसली जाते. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ साली नेमकं हेच तपासलं. लोक एकाग्रतेचं काम करत असताना त्यांच्या फोनवर कॉल आणि मेसेज पाठवले. फोनला हातही न लावणाऱ्यांच्या चुका वाढल्या. दोन वर्षांनी टेक्सासमधल्या एका प्रयोगात तर नुसता गप्प पडलेला फोनही पुरेसा ठरला. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांची कामगिरी टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा सरस होती. हा दुसरा निष्कर्ष पुढच्या सगळ्याच प्रयोगांत तितका ठळक दिसलेला नाही, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही. शिवाय वर्गात प्रश्न एकट्याच्या फोनचा नसतोच. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी, विकसित देशांतल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, की गणिताच्या निदान काही तासांना तरी इतरांच्या उपकरणांमुळे आमचं लक्ष उडतं. शेजारच्या बाकावरचा चमकणारा पडदा फोन नसलेल्या मुलाचाही तास घेऊन जातो.

मग फोन सुटत का नाही? याचं उत्तर फोनपेक्षा जुनं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांवर प्रयोग करत. पेटीतल्या कळीवर चोच मारली की दाणा मिळायचा. दर वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराचा दाणा बंद केला, तर ते थोडे प्रयत्न करून थांबायचं. पण ज्याला कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला असा अनिश्चित दाणा मिळाला होता, ते दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राहायचं. गळ टाकून नदीकाठी बसलेल्या माणसाला विचारा. मासा दर वेळी लागत नाही, म्हणूनच तो उठत नाही. फोनही असाच आहे. दहा वेळा उघडला तर नऊ वेळा काहीच नसतं, दहाव्यांदा मैत्रिणीचा मेसेज असतो.

आता अनिश्चित दाण्याचं हेच गणित शाळेला लावून बघा.

समजा, आठवी ‘ब’चा वर्ग आहे आणि ‘वर्गात मोबाइल आणू नये’ अशी पाटी भिंतीवर आहे. पहिल्या तासाला गणिताच्या बाई फोन दिसताच काढून घेतात. दुसऱ्या तासाला सर म्हणतात, “ठेव आत, पुन्हा दिसला तर बघ.” तिसऱ्या तासाला फळ्याकडे वळलेल्या सरांच्या लक्षातच येत नाही. चौथ्या तासाच्या बाईंनी पाहिलेलं असतं, पण अभ्यासक्रम मागे पडलाय आणि हुज्जत घालायला त्यांच्यात त्राण नाही. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हे चार शिक्षक नाहीतच, ती कबुतराची पेटी आहे. कधी पकडलं जातं, कधी जात नाही. म्हणजे प्रयत्न करत राहायला हवा! अधूनमधून पाळलेल्या नियमानं बेशिस्त थोडी कमी होईल, हा आपला समज चुकीचा आहे. असा नियम बेशिस्तीला चिवट बनवतो. यात मुलाच्या संस्कारांचा दोष शोधणं मला अन्यायाचं वाटतं. ते मूल आपण शिकवलं तेच शिकलेलं असतं.

याच शास्त्रात आणखी एक बाब आहे, जी प्रत्येक मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवायला हवी. नेहमीचा दाणा अचानक बंद झाला की कबुतर लगेच शांत होत नाही. सुरुवातीला ते जास्त जोरात, जास्त वेगानं चोच मारतं. दुकानात चॉकलेटसाठी हट्ट करणारं मूल पहिल्यांदा ठाम नकार मिळाल्यावर जमिनीवर लोळण घेतं, तसंच. शाळेनं नियम खरोखर पाळायला घेतला की पहिले दोन-तीन आठवडे तक्रारी वाढतात, वाद वाढतात, पालकांचे फोन येतात. ‘नियम फसला’ असं वाटून शाळा नेमकी तेव्हा माघार घेते. मग मुलं शिकतात, की पुरेसा जोर लावला तर दाणा मिळतो. पुढच्या वर्षी तोच नियम आणणं दुप्पट अवघड जातं.

शिक्षा कडक केली तर? इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ सालीच मांडलं होतं, की गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यामुळे नव्हे, तर ती चुकणार नाही या खात्रीमुळे. वर्गात हे फार साध्या कारणानं खरं ठरतं. ‘फोन वर्षअखेरपर्यंत जप्त’ अशी शिक्षा असली, तर ती द्यायला कोणत्याही सहृदय शिक्षकाचा हात धजत नाही. मग डोळेझाक होते आणि पुन्हा तोच ‘कधी पकडलं, कधी नाही’चा खेळ सुरू होतो. ‘फोन कार्यालयात, शाळा सुटताना परत’ ही शिक्षा इतकी सौम्य आहे, की सगळे शिक्षक ती दर वेळी न चिडता देऊ शकतात. तिची ताकद त्यातच आहे.

बंदीमुळे गुण वाढतात का, याचं उत्तर सरळ नाही. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. बंदीनंतर निकाल थोडे सुधारले होते. सर्वाधिक फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, हुशार मुलांना जवळपास काहीच नाही. स्वीडनमध्ये तशाच अभ्यासात फरक दिसला नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासातही, फोनवर निर्बंध असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही, आणि दिवसभराचा एकूण वापरही फारसा वेगळा नव्हता. शाळेचा नियम शाळेच्या फाटकापाशी संपतो. आपल्याकडे तर २०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयोगटात ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमं पाहिलेली ७६ टक्के.

“सगळ्यांकडे आहे, मग मलाच का नाही?” हा मुलांचा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेतो. तो हसण्यासारखा नाही. शिकागो विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी हजाराहून अधिक महाविद्यालयीन तरुणांना विचारलं, की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर. पण तुमच्या कॉलेजातले जवळपास सगळेच बंद करणार असतील तर? तेव्हा तीच मुलं स्वतःच्या खिशातून सरासरी २८ डॉलर मोजायला तयार झाली. एकट्यानं सोडणं म्हणजे वाळीत पडणं, सगळ्यांनी मिळून सोडणं म्हणजे सुटका. एकाच घरात, एकाच मुलावर घातलेली बंदी म्हणूनच इतकी जाचक ठरते.

वडगावात भोंगा नुसता वाजवून कोणी घरी बसलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक गट करून घरोघरी फिरले, बंद न केलेल्यांना समजावत राहिले. आणि साडेआठला दुसरा भोंगा न चुकता वाजायचा, तेव्हा मोबाइल परत हातात घ्यायची मुभा असायची.