कोकणातील मराठी कादंबरी

कोकणातील मराठी कादंबरी : कोकण किनाऱ्यावरचे गाव, खोत (गावाचा सारा वसूल करणारे वतनदार) आणि त्यांच्या जमिनी कसणारी कुळे, देवदेवस्की आणि मुंबईची वाट या सामग्रीवर उभी असलेली कादंबरी. ‘कोकणातलं काय वाचू?’ या प्रश्नाला जाणत्या वाचकाच्या तोंडून बहुधा दोन नावे आधी येतात : श्री. ना. पेंडसे आणि चिं. त्र्यं. खानोलकर.

पेंडसे (१९१३–२००७) दापोली तालुक्यातील मुर्डीचे. त्यांच्या कादंबऱ्यांत नवख्याने ‘गारंबीचा बापू’पासून (१९५२) सुरुवात करावी, असाच रिवाज आहे आणि तो योग्यही आहे : गावाला न जुमानणारा बापू आणि राधा पहिल्या काही पानांतच वाचकाला धरून ठेवतात. ‘रथचक्र’ला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मात्र दोन खंडांची. खेडजवळ जगबुडीच्या काठी राहणाऱ्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या तीत येतात. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या निर्मूलन कायद्याने. तिचा हा विस्तृत लेखाजोखा आला जवळपास चार दशकांनी. (२०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाची गोष्ट या कादंबरीची नव्हे. तो पाहून पुस्तकात गाडलेले धन शोधणाऱ्यांची निराशा होते.)

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घराघरांत वाचली गेली, तरी कोकणच्या यादीत तिची आठवण सहसा होत नाही. वास्तविक तिच्यातले कर्जात बुडणारे घर पालगडच्या खोतांचेच आहे. अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी खोतांविरुद्ध १९३३पासून वर्षानुवर्षे संप केला. पण हमखास सुचवल्या जाणाऱ्या या पुस्तकांचा मुक्काम बहुतेक खोताच्या ओटीवरच. बापू खोताला भिडतो खरा, पण एकटा.

दक्षिणेला, वेंगुर्ले–कुडाळकडे, सूर बदलतो. खानोलकरांच्या (१९३०–१९७६) ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’मध्ये जमिनीच्या वादापेक्षा वासना, पाप आणि दैवी कौल यांचे भय मोठे. त्या सुचवताना जपावे; पेंडशांच्या मागोमाग लगेच दिल्यास वाचक बिचकतो. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी हिंदी व तेलुगूत चित्रपट केला, ‘चानी’वर व्ही. शांताराम यांनी मराठीत.

जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) म्हटले तर कादंबरी, म्हटले तर माणसांच्या गोष्टींची माळ. मालवणी संवादांची गोडी लागायला याहून सोपे पुस्तक नाही.

अलीकडच्यांत सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर महत्त्वाचे. ‘चाळेगत’मध्ये आजच्या तळकोकणातले तरुण आणि राजकारण येते, तर ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’त कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांची परंपरा. या दुसऱ्या कादंबरीला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.