फ्रीच्या खाली आकडा कमी दिसला म्हणून रॅम घ्यायची काय?

परवा भाची राजारामपुरीतनं थेट घरी आली. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले तेव्हा तिच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली होती. म्हणाली, "मामा, दुकानदार म्हणतोय ८ जीबी रॅम भरलीय, अजून ८ घाला."

टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून फ्री कमांड (free -h) दिली. टोटल ७.६ जीबी, फ्री फक्त ०.३. घाबरण्यासारखंच दिसतंय की! पण शेवटच्या अव्हेलेबल कॉलममध्ये ४.६ होते, आणि बघायचा आकडा तोच, कारण गरज पडली तर लगेच मोकळी करता येईल ती रॅमही त्यात धरलेली असते.

लिनक्स रॅम मोकळी ठेवतच नाही. डिस्कवरची फाईल एकदा वाचली की तिची प्रत रॅममध्ये ठेवून देतो, ४ केबीच्या तुकड्या-तुकड्यांनी. एक तुकडा म्हणजे एक पेज, आणि या साठ्याला पेज कॅश म्हणतात. रॅममधनं वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि फिरत्या हार्ड डिस्कला ५ ते १० मिलीसेकंद, म्हणजे निदान पन्नास हजार पट, म्हणून तर लिब्रेऑफिस (लिखाण-हिशेबाचं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा रडत उघडतं आणि बंद करून परत उघडलं की झटक्यात येतं. ही प्रत म्हणजे झेरॉक्स समजा. मूळ कागद कपाटात आहेच, त्यामुळं टेबलावर जागा लागली की झेरॉक्स लगेच फेकता येते. पण झेरॉक्सवर पेनानं काही दुरुस्ती केली असेल तर आधी ती मूळ कागदावर उतरवावी लागते, अशा पेजला डर्टी म्हणतात. आता फेकायची कुठली? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन याद्या ठेवतो, अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह. एकदाच वाचलेलं पेज इनअ‍ॅक्टिव्हमध्ये पडतं, परत हात लागला तर अ‍ॅक्टिव्हमध्ये चढतं, आणि बळी आधी इनअ‍ॅक्टिव्हच्या शेपटाकडचे जातात, त्यामुळं एखादा मोठा पिक्चर कॉपी केला तरी तुमची रोजची पेजेस सहसा वाचतात. मला तर ही रचना फार देखणी वाटते.

तासातासाला कॅश रिकामी करणाऱ्या स्क्रिप्ट आणि रॅम क्लीनर म्हणजे दारावरची लिंबू-मिरची. उलट मशीन हळू होतं, कारण फेकलेलं सगळं परत डिस्कवरनं आणावं लागतं.

मग रॅम किती हवी? रोजचं काम सुरू ठेवा, सगळे टॅब उघडे राहू देत, आणि टर्मिनलमध्ये व्हीएमस्टॅट १ (vmstat 1) ही कमांड चालवून एसआय (si), एसओ (so) हे दोन कॉलम बघा. स्वॅपमधनं (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती आत आलं आणि किती बाहेर गेलं ते तिथं दर सेकंदाला दिसतं, फक्त पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू केल्यापासूनची सरासरी असते. आकडे सतत हलत असतील आणि अव्हेलेबल तळाला गेलं असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. मिंट स्वतः किमान २ आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतं, पण ब्राउझर एकटाच दोन-तीन जीबी खातो, म्हणून मी ८ म्हणतो. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणं) किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर १६.

भाचीचे वीस टॅब, लिब्रेऑफिसचा रायटर, व्हिडिओ सगळं चालू करून आम्ही दहा मिनिटं बघत बसलो. दोन्ही कॉलम शून्य, अव्हेलेबल ३.१. आत मात्र जुनी फिरती हार्ड डिस्क निघाली, तेव्हा रॅमचे पैसे तिनं एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घातले.