मुंबईच्या जुन्या पारशी व्यापारी घराण्यांची खासगी कागदपत्रे: पाहण्यासाठी व सुपूर्द करण्यासाठी अर्ज कसा करावा

मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांचा विवाह १८०३ मध्ये त्यांचे मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांची कन्या आवाबाई हिच्याशी झाला. पुढे १८८५ मध्ये व्यापारी सोराबजी फ्रामजी पटेल यांची कन्या भिकाईजी (पुढच्या मादाम कामा) ही कामा घराण्यात सून म्हणून गेली. मुंबईतील जुन्या पारशी पेढ्यांमध्ये अशा सोयरिकी मुरलेल्या होत्या, आणि त्यामुळे एका घराण्याची पत्रे, मृत्युपत्रे व हिशेबाच्या वह्या अनेकदा व्याह्यांच्या किंवा लेकीच्या सासरच्या दप्तरात सापडतात. एकाच आडनावाचा शोध घेऊन परतलेला अभ्यासक निम्म्याहून अधिक कागदांना मुकतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी किमान तीन पिढ्यांची वंशावळ, सासर व माहेर या दोन्ही बाजूंसह, कागदावर मांडून घ्यावी.

कागद कोठे आहेत

जमशेटजींच्या पेढीच्या पत्रव्यवहाराच्या नकलवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. नकलवहीत पेढीने पाठवलेल्या पत्रांची नक्कल असते. मूळ पत्र ज्याला गेले त्याच्याकडे राहते. त्यामुळे चीनमधील कँटनच्या जार्डिन मॅथेसन या व्यापारी कंपनीला मुंबईहून गेलेली पत्रे आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, त्या कंपनीच्या संग्रहात पाहावी लागतात. हा संग्रह पाहण्यासाठी ग्रंथालयाच्या वाचकपत्राखेरीज कंपनीची स्वतंत्र लेखी परवानगी लागते, आणि ती प्रवासाचे तिकीट काढण्याआधी हातात असावी. खरशेटजी रुस्तमजी कामा यांच्याबरोबर १८५५ मध्ये लंडनला कामा आणि कंपनीच्या कामासाठी गेलेल्या दादाभाई नवरोजी यांची कागदपत्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारशी या व्यापाऱ्यांचा जो व्यवहार झाला, त्यासाठी १८२१ मध्ये सुरू झालेले आणि आज एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेले महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख कार्यालय गाठावे. फोर्टमधील के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि नवसारीचे मेहेरजीराणा ग्रंथालय यांचीही सूची पाहणे आवश्यक आहे.

अर्ज कोण करू शकतो

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार केंद्र शासनाचे तीस वर्षांहून जुने, गोपनीय वर्गीकरण नसलेले अभिलेख प्रामाणिक संशोधकाला पाहण्यास मिळू शकतात. खासगी कागदांची गोष्ट वेगळी आहे. त्याच अधिनियमाने राष्ट्रीय अभिलेखागाराला असे कागद देणगी म्हणून किंवा खरेदी करून स्वीकारण्याचा अधिकार दिला आहे. मात्र ते कोणाला व कशा रीतीने दाखवायचे, हे देणाऱ्याने घातलेल्या अटींवर अवलंबून राहते. म्हणून ‘शंभर वर्षांपूर्वीचे कागद आहेत, ते खुलेच असणार’ असे गृहीत धरू नये आणि संग्रहाच्या अटी आधी लेखी विचारून घ्याव्यात. अर्जदार विद्यापीठाशी जोडलेला असेल तर काम सुलभ होते, परंतु स्वतंत्र अभ्यासकाने किंवा घराण्याच्या वंशजाने आपला हेतू स्पष्ट मांडल्यास त्यालाही अर्ज करण्यास हरकत नाही.

अर्जासोबत काय द्यावे

ओळखपत्राची प्रत, छायाचित्र, आणि मार्गदर्शकाचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. परदेशी नागरिकाने आपल्या संस्थेचे किंवा दूतावासाचे पत्र जोडावे. विषयाच्या रकान्यात ‘पारशी व्यापाराचा इतिहास’ एवढेच लिहिल्यास अभिलेखपाल मदत करू शकत नाही. व्यक्तीचे पूर्ण नाव, पित्याचे नाव, सोयऱ्यांची नावे, वर्षांची चौकट आणि हवी असलेली भाषा एवढा तपशील त्यात द्यावा.

येथे नावांचा एक गुंता सांगणे भाग आहे. जमशेटजींना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, आणि १८६० च्या कायद्याने किताबाच्या प्रत्येक वारसाने ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव धारण करावे असे ठरले. जमशेटजी १८५९ मध्ये निवर्तल्यावर किताब त्यांचे ज्येष्ठ पुत्र खरशेटजी यांच्याकडे आला आणि तेही पुढे सर जमशेटजी म्हणून सही करू लागले. पेटिट घराण्यातही हाच प्रकार आहे. म्हणून केवळ नाव न देता ‘पहिले, निधन १८५९’ किंवा ‘दुसरे, निधन १८७७’ असे लिहावे. अन्यथा नातवाचे कागद समोर येतात आणि दिवस फुकट जातो.

तारखांचेही तसेच आहे. घरगुती गुजराती पत्रावर अनेकदा रोज (पारशी दिवसाचे नाव), माह (महिना) आणि यझदगर्दी हा पारशी सन असतो. त्या सनात पत्राच्या महिन्याप्रमाणे ६३० किंवा ६३१ मिळवले की इसवी सन निघतो. शहनशाही आणि कदमी या पारशांच्या दोन पंचांगांत पूर्ण एका महिन्याचे अंतर आहे आणि कदमी पुढे आहे, त्यामुळे दोन व्याह्यांनी एकाच दिवशी लिहिलेल्या पत्रांत रोज तोच दिसतो, परंतु माह निराळा. शहनशाही घरात फरवर्दीन हा पहिला महिना असेल तर कदमी घरात अर्दीबेहेश्त हा दुसरा. सून कदमी घरातील आणि सासर शहनशाही असेल, तर हे पडताळल्याशिवाय पत्रांचा क्रम लावू नये. हिशेबाच्या वह्यांत काना-मात्रा गाळून लिहिलेली वाणियाशाई, म्हणजे व्यापाऱ्यांच्या लिपीतील गुजराती आढळते. ती वाचणारा जाणकार सोबत असल्यास त्याच्यासाठीही वेगळा अर्ज करावा.

प्रती आणि हक्क

पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या मालकीचा असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातील अप्रकाशित लेखनाची प्रत संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी काढण्याची मुभा, लेखक ज्ञात असल्यास, त्याच्या निधनाला साठ वर्षे होऊन गेल्यावर प्रताधिकार अधिनियम, १९५७ देतो. प्रतीच्या अर्जात पत्राचा दिनांक आणि नकलवहीचा पृष्ठांक अचूक लिहावा.

घरातील कागद संस्थेला देताना

ज्यांच्या घरी असे दप्तर आहे त्यांच्यासाठी हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कागद वडिलोपार्जित असतील तर सर्व सहवारसांची लेखी संमती घ्यावी. यात लग्न होऊन गेलेल्या मुली आणि त्यांची मुले यांना वगळले जाते, आणि पुढे तेथूनच हरकत येते. जंगम वस्तूचे दान ताबा दिल्याने पूर्ण होते, तरीही सह्या-साक्षींसह दानपत्र करावे आणि त्यात संग्रहाचे नाव, पाहण्याच्या अटी व त्या अटी किती वर्षांनी संपतील हे नमूद करावे. यादी करताना गाठोड्याचा दोरा सोडून पत्रे तारखेप्रमाणे लावण्याचा मोह आवरावा. आजेसासूने ज्या क्रमाने पत्रे बांधली, कोणत्या पाकिटात जावयाची पावती घातली, हीसुद्धा माहिती आहे आणि दोरा सुटला की ती परत मिळत नाही. गाठोड्याला क्रमांक द्यावा, बांधलेल्या स्थितीत छायाचित्र घ्यावे आणि तसेच सुपूर्द करावे.

परदेशातील नातलगाने कागद मागितले तरी ते पाठवू नयेत. ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोल असलेले हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावशेष आणि कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार पुरावशेष ठरतो व त्याची खासगी निर्यात बेकायदेशीर आहे. त्यांना छायाप्रती द्याव्यात, आणि त्यांच्याकडे याच घराण्याचे कागद असल्यास त्यांची यादी मागवून ती दानपत्रासोबत जोडावी.