आयआयएमचे सर बोलले, म्हणजे आयआयएम बोललं?

अर्थसंकल्प झाला की नागपुरात बर्डीच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, "आयआयएमनं सांगितलं, महागाई वाढणार!" हा गैरसमज आहे. मिहानमधल्या आयआयएम नागपूरचे असोत की दुसरीकडचे, टीव्हीवर प्राध्यापक सहसा स्वतःचं मत मांडतात, संस्थेचं नाही. शिवाय मार्केटिंग शिकवणाऱ्याला रेपो दरातलं, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते त्यातलं, कळेलच असंही नाही. पीएचडी एका छोट्याशा विषयात होते.

अहमदाबाद आयआयएमचे जयंत वर्मा मात्र वित्त विषयातले. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दर ठरवणाऱ्या सहा सदस्यांच्या पतधोरण समितीवर ते २०२० ते २०२४ होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच जणांनी रेपो दर ६.५ टक्क्यांवर कायम ठेवायचं ठरवलं, एकट्या वर्मांनी पाव टक्का कपात मागितली. ते मतही त्यांचंच होतं, आयआयएमचं नव्हे.