बटण दाबल्यावर आत काय होतं? भरल्या घरातलं ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन

सकाळी ओट्यावर डबे, कुकर, दूध तापवणं, कोणाची आंघोळ झाली कोणाची राहिली हे सगळं एकदम चालू असतं, आणि अशा भरल्या घरात बीन्स टाकून बटण दाबायचं मशीन टिकेल का असं बरेच जण विचारतात. माझं म्हणणं सरळ आहे, कॉफी ते उत्तमच करतं, कुरकुरायला लागतं ते बहुतेक वेळा पाणी आणि दुधामुळे, आणि का ते आत काय चालतं हे बघितलं की लगेच कळतं.

बटण दाबलं की आधी ग्राइंडर ७ ते ११ ग्रॅम बीन्स दळतो, ती पूड ब्रू ग्रुप नावाच्या प्लास्टिकच्या भागात पडते आणि एक पिस्टन ती घट्ट दाबतो. मग थोडंसं गरम पाणी सोडून पूड भिजवली जाते आणि त्यानंतर पंप पूर्ण जोर लावतो. तो घर्रर्र आवाज येतो ना, तो याच पंपाचा, आत विजेच्या कॉइलमध्ये एक छोटा दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होत असतो कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. खोक्यावर १५ बार, १९ बार असं मोठ्या अक्षरात लिहितात पण तो पंपाचा कमाल दाब झाला, कॉफीला लागतो साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट, त्यामुळे बार बघून मशीन निवडू नका.

या दाबानेच वरचा तो सोनेरी फेस येतो, क्रेमा. बीन्स भाजताना आत कार्बन डायऑक्साइड अडकतो, जोराच्या दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात पडताना दाब एकदम उतरला की बारीक बुडबुडे होऊन बाहेर येतो. मिलानच्या अकिले गाज्जाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि १९४८ च्या सुमारास त्याची दांड्याची मशीन आली तेव्हा लोकांनी हा फेस पहिल्यांदा बघितला, आधीची मशीन वाफेच्या कमी दाबावर चालायची. बीन्स जुने झाले की गॅस उडून गेलेला असतो, म्हणून क्रेमा पातळ आला तर आधी पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा, मशीनला दोष नंतर द्या.

आता पाणी. बहुतेक घरगुती मशीनमध्ये मोठा बॉयलर नसतो, थर्मोब्लॉक असतो, म्हणजे तापलेल्या धातूतून जाणारी अगदी अरुंद नळी, लागेल तेवढंच पाणी जाता जाता ९० अंशांच्या वर तापतं. एकामागून एक कप निघतात ते यामुळेच. पण जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे राहतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. गिझरमध्ये त्याला जागा तरी असते, इथे नळीच इतकी बारीक की थोड्या थरानेही पाणी कमी येतं आणि उष्णता नीट पोचत नाही. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत डिस्केलिंगचा, म्हणजे हा थर काढायची आठवण देणारा दिवा लवकर लागतो तो म्हणून, आणि लागला की टाळाटाळ नको. मग आरओचंच पाणी टाकलं तर? तेही पूर्ण उत्तर नाही, कारण पाण्यातलं थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियमच कॉफीची चव ओढून काढतं, अगदी रिकाम्या पाण्यात कॉफी सपक लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, १५० च्या आसपास असला तर उत्तम, घरच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो तेवढ्यावर आणून घ्या.

दुधाचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाफ जोरात जाते तिथे दाब कमी होतो, त्या ओढीने दूध नळीतून वर येतं आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून हवाही आत येते. बुडबुड्यांभोवती दुधातली प्रथिनं पापुद्रा धरतात, तोच फेस. थंड दुधाला ६०-६५ अंशांपर्यंत पोचायला वेळ मिळतो म्हणून दूध फ्रिजमधलंच घ्यावं, ७० च्या पुढे गेलं की प्रथिनं उलगडतात आणि शिजल्यासारखा वास येतो. आपल्याकडे दूध तापवून साय काढायची पद्धत आहे, आणि ती खरं तर चालते, फक्त गाळणीतून गाळल्याशिवाय ते मशीनला लावू नका. सायीचा एक छोटासा तुकडा त्या भोकात बसला की फेस बंद, नुसतं गरम दूध येत राहतं आणि आपण सर्व्हिस सेंटरला फोन करतो.

गर्दीच्या वेळेसाठी एक गोष्ट. साध्या मशीनमध्ये कॉफी आणि वाफ दोन्हीसाठी एकच थर्मोब्लॉक असतो, वाफेला तो १२० अंशांच्याही वर न्यावा लागतो आणि परत कॉफीला उतरायला वेळ जातो, त्यामुळे काळी कॉफीवाल्यांचे कप आधी काढा, कॅपुचिनोवाले नंतर.

जुलै-ऑगस्टमध्ये चोथ्याचा डबा रोज रिकामा झालाच पाहिजे, ओला, कोमट चोथा आणि बाहेर पावसाळा म्हणजे बुरशीला आयतं घर. ब्रू ग्रुप बाहेर काढता येणारं मशीन मला म्हणूनच बरं वाटतं, डेलॉन्गी, फिलिप्सच्या बऱ्याच मशीनमध्ये तो निघतो, नळाखाली नुसत्या पाण्याने धुवायचा आणि वाळवून परत बसवायचा. तेलाने चकाकणारे खूप काळे बीन्स टाळा, ग्राइंडरमध्ये चिकटतात. आणि पावडरचा जो वेगळा खण असतो त्यात फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पूड किंवा इन्स्टंट कॉफी कधीच नको, दोन्ही ओली झाली की चिकट होऊन आत अडकतात.

शेवटचं म्हणजे बटण इतकं सोपं की घरात कोण किती कप पितंय ते कोणाला कळत नाही. एका ३० मिलीच्या एस्प्रेसोत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, रोबस्टा जातीचे बीन्स जास्त असतील तर आणखी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिवसाची सुरक्षित मात्रा निरोगी मोठ्यांसाठी ४००, गरोदर बायकांसाठी २०० मिलिग्रॅम आणि मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम धरली, म्हणजे ५० किलोच्या दहावीतल्या मुलाला दीडशे, दोन एस्प्रेसोतच जवळपास संपलं. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला पाचेक तास लागतात, त्यामुळे आजी-आजोबांना संध्याकाळी सहाला कॉफी हवीच असेल तर त्या पावडरच्या खणात डीकॅफची, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीची पूड टाकून त्यांचा कप वेगळा काढा, तो खण मुळात त्यासाठीच आहे.