बिबट्या दिसल्याच्या बातमीत बिबट्या किती असतो?

“सोसायटीच्या मागच्या भिंतीवर आत्ता बिबट्या दिसला, मुलांना खाली पाठवू नका.” पुण्याच्या टेकड्यांलगत, नाशिकच्या मळ्यांजवळ, मुंबईत गोरेगाव-मुलुंडला असा निरोप कुठल्याही रात्री फिरायला लागतो. सोबत कधी अंधूक चित्रफीत असते, कधी भलत्याच गावातला जुना फोटो. अलीकडे तर संगणकाने रचलेलं चकचकीत चित्रही असतं. सकाळी वनखात्याची माणसं येऊन झुडपं पाहून जातात. काही सापडलं नाही तर ‘अफवा होती’ म्हणून विषय मिटतो, सापडलं तर ‘पिंजरा लावा’ ही मागणी सुरू होते. दोन्ही वेळा खरा प्रश्न मागे राहतो असं मला वाटतं. प्राणी कोणता होता, आणि बिबट्याच असेल तर तो काल रात्रीच आला होता का?

आधी प्राण्याचं बघू. अंधारात, शेजारी मापाला काही नसताना, आपल्या डोळ्यांना आकाराचा अंदाज येत नाही. त्यात मांजरापासून तरसापर्यंत बहुतेक निशाचरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. विजेरीच्या झोतात ते डोळे चमकले की मागचं शरीर मन आपलं आपण उभं करतं, आणि भीती ते मोठंच करते. रानमांजर लांब पायांचं, अंगावर ठिपके नसलेलं, आखूड शेपटीचं असतं. उदमांजराची शेपटी लांब, पण पाय आखूड. तरसाची पाठ खांद्याकडून मागे उतरती आणि अंगावर पट्टे. बिबट्याची शेपटी चांगली लांब असते आणि चालताना तिचं टोक बहुधा वर वळलेलं दिसतं. चित्रफितीत ठिपके कळले नाहीत तरी पाठ, पाय आणि शेपटी यांचं प्रमाण पुष्कळ सांगून जातं.

पण सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे माती. पाटाच्या कडेच्या ओल्या गाळात उमटलेला ठसा नीट बघा. बिबट्याच्या ठशात चार बोटं दिसतात आणि नखं दिसत नाहीत, कारण चालताना तो ती आत ओढून घेतो. कुत्र्याला आणि तरसाला ते जमत नाही, त्यामुळे त्यांच्या बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात. मग तळव्याची गादी बघायची. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे स्पष्ट असतात. कुत्र्याचा ठसा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जवळपास जुळतील. बिबट्याची बोटं किंचित एका अंगाला कललेली असतात, म्हणून पाय डावा की उजवा हेही सांगता येतं. घसरड्या चिखलात बिबट्याचीही नखं कधीतरी उमटतात. त्यामुळे जाणकार वनरक्षक एका ठशावर निकाल देत नाही, पुढचे चार-पाच ठसे शोधतो.

समजा, ठसे बिबट्याचेच निघाले. तरी तो आज आला असं होत नाही. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांत, बांधांवर, वस्त्यांच्या वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावले होते. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या कुशीवरचीही वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात आणि कुठला बिबट्या गेला ते ओळखतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ प्रौढ बिबटे निघाले. तिथे जंगल म्हणावं असं काही नव्हतं, हरणं-सांबरंही नव्हती. विष्ठेच्या तपासणीतून कळलं की त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. परिसरात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होत्या, पण त्या रात्री गोठ्यात बंद असतात आणि कुत्री मोकळी. उकिरडा, त्यावर पोसलेली कुत्री आणि दिवसा लपायला ऊस, एवढ्यावर बिबट्याचं भागतं.

याच अभ्यासकांनी २००९ साली एका वयस्क नराच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला. टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या बिबट्याला त्यांनी ‘आजोबा’ नाव दिलं होतं. माळशेज घाटात सोडल्यावर महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत गावं, महामार्ग, लोहमार्ग. त्याने कोणावर हल्ला केल्याची नोंद नाही. दिवसा दडून राहायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा क्रम होता. आजोबासारखे किती बिबटे आपल्या मागच्या गल्लीतून जात असतील! आता दारोदार सीसीटीव्ही आहेत, म्हणून त्यातले काही दिसतात इतकंच.

म्हणूनच नुसता दिसला म्हणून पिंजरा लावणं मला चुकीचं वाटतं. जुन्नर परिसराने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम झाली. त्यानंतर ही सरासरी १७ वर गेली, आणि हल्ल्यांतल्या मृत्यूंचं प्रमाणही दुपटीने वाढलं. पकडला गेलेला प्राणी पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात घाबरतो, अनोळखी मुलखात सोडला जातो आणि आपल्या जागेकडे परतू पाहतो. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण बिबट्या धरतो. त्याला ना गावाची सवय, ना माणसांच्या वेळांची.

याचा अर्थ भीती खोटी आहे असा मुळीच नाही. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात लेकरं गेली आहेत, आणि त्या घरांना ‘सहजीवन’ शिकवायला जाणं क्रूरपणाचं आहे. माणसांवर हल्ले करणारा नेमका प्राणी ओळखून त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. पण त्यासाठी खात्याला हातातली माणसं आणि पिंजरे तिथेच वापरता आले पाहिजेत. रोज दहा खोट्या फोटोंमागे धावणाऱ्या पथकाला ते जमत नाही. बिबट्या एखाद्या पडवीत अडकला की पाच-सहाशे माणसं मोबाइल घेऊन गोळा होतात, त्याची पळवाट बंद होते आणि मग जो हल्ला होतो तो बहुतेकदा गर्दीनेच घडवलेला असतो.

खरोखर काही दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जागा, वेळ आणि प्राणी कोणत्या दिशेने गेला हे सांगा. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, परसाकडे जाताना विजेरी आणि सोबत असू द्या, उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नका. दिवसा ठसा सापडला तर शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून सरळ वरून फोटो काढा, आणि वनरक्षक येईपर्यंत तो पायदळी जाऊ नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घालून ठेवा.