बुलेटच्या बॅरलमधलं बीड

आंबा घाटात माझी १९९४ची बुलेट चढावर थांबली. साखरप्याकडून वर येत होतो. दुसरा गिअर, मागे मित्र, दोन जड पिशव्या आणि एप्रिलची दुपार. आधी इंजिनाचा आवाज बसका झाला आणि मग मागचं चाक कुणी धरून ठेवावं तसं अडकलं. क्लच वेळेवर दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन सीझ झालं होतं, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला होता. आठच दिवसांपूर्वी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, नवा पिस्टन घातला होता. पहिले काही शे किलोमीटर गाडी बेताने चालवायची, हे माहीत असूनही मी ती सरळ कोकणात नेली होती.

टेम्पोत घालून गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणली. बोअरिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो तो सिलिंडर, बाहेर काढला, आतून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पिस्टन गेला. बॅरलला काय झालं न्हाई. बीड हाय ते, एवढ्यानं मरत न्हाई."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते म्हटलं की मला घरचा घावनाचा तवा आठवायचा. जड, काळा, आणि हातातून निसटून फरशीवर पडला तर चक्क दोन तुकडे होणारा. पोलादी तवा पडला तर वाकतो, बिडाचा फुटतो. ज्या धातूवर आईचा एवढाही भरवसा नव्हता, तो मिनिटाला काही हजार ठोके खाणाऱ्या इंजिनात कशासाठी घालत असतील? या प्रश्नानं माझे पुढचे कितीतरी रविवार घेतले.

उत्तर कार्बनमध्ये आहे. नेहमीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याहून कमी असतो, बिडात तीन-साडेतीन टक्के. एवढा कार्बन थंड होणाऱ्या लोखंडात मावत नाही. वितळलेल्या लोखंडाचा रस सावकाश निवत गेला, तर जास्तीचा कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. पेन्सिलीत असतं तेच हे ग्रॅफाइट. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर करड्या बिडात त्याच्या पातळ, वाकड्या पाकळ्या पसरलेल्या दिसतात. ताण आला की याच पाकळ्यांच्या टोकांपासून तडा पळतो, म्हणून तवा फुटतो. पण पिस्टनच्या कड्या रात्रंदिवस घासत असतात, तिथे याच पाकळ्या उपयोगी पडतात. ग्रॅफाइट स्वतः बुळबुळीत, आणि त्याच्या बारीक खाचांत तेल टिकून राहतं. शिवाय या पाकळ्या कंप गिळतात. पोलादाची कांब टांगून ठोकली तर बराच वेळ घुमते, बिडाचा तुकडा 'ठक्' करून गप्प होतो. हवेवर थंड होणाऱ्या कित्येक ॲल्युमिनियमच्या इंजिनांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, म्हणजे फिन्सच्या, मध्ये रबराचे ठोकळे खोचलेले असतात. ते या झणझणाटासाठीच. जुन्या बुलेटच्या ठोक्याला जो भरीव आवाज आहे, त्यात बिडाचाही वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

मग घाटात घोटाळा कुठे झाला? बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलिमीटरचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका फेरीतली धाव, ९०चा, मिळून ३४६ सीसी. बॅरल बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोघेही १०० अंशांनी तापले, तर पिस्टनचा व्यास साधारण ०.१४ मिलिमीटर वाढतो आणि बॅरलचा जेमतेम ०.०८. त्यात पिस्टन आगीच्या तोंडाशी असतो, म्हणून तो बॅरलपेक्षा तापतोही जास्त. दोघांमध्ये मोजून सोडलेली फट केसाहून फारशी जाड नसते. नवा पिस्टन, अजून न बसलेल्या कड्या, चढावरचा भार आणि कमी वेगामुळे फिन्सना न मिळालेला वारा, असं सगळं एकत्र आलं आणि फट संपली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "नव्या गाडीला दम खाऊ द्यायचा असतो ओ."

बॅरल पुन्हा बोअर करायचा होता. इथली भाषा हजारांश इंचाची. 'वीस' म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन, त्यापुढे 'तीस', मग 'चाळीस'. बॅरलची भिंत पुरेशी जाड असल्यामुळे आतून थोडं थोडं खात त्याला नवा जन्म देता येतो. बोअर झाल्यावर होनिंगच्या दगडांनी आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारतात. तेल धरून ठेवायला त्या लागतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर चांगला, हा माझा समज त्या दिवशी गेला.

मिस्त्रींच्याच ओळखीनं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, पाहिली. ट्रॅक्टरच्या ब्रेक-ड्रमचे साचे भरणं चाललं होतं. वाळू, बेंटोनाइट माती, पाणी आणि कोळशाची पूड असं ते काळं, ओलसर मिश्रण. मोल्डरनं, म्हणजे साचे भरणाऱ्यानं, मूठभर वाळू दाबून माझ्या हातावर ठेवली. बोटांचे ठसे उमटले होते, आणि मोडल्यावर तिची कड स्वच्छ निघाली. म्हणजे वाळू बरोबर. कोळशाच्या पुडीचं काम मला नवं होतं. तापलेला रस आत येताच ती जळते, वायूचा पातळ थर तयार होतो आणि वाळू धातूला चिकटत नाही. पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा घेतात तो नमुना, बनवणाऱ्याची पट्टी तर मी हातातून सोडायलाच तयार नव्हतो. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा साधारण एक टक्का लांब असतो, कारण ओतलेलं बीड निवताना तेवढं आकसतं. आकसण्याचं गणित त्या पट्टीतच भरलेलं आहे, कारागिराला वजाबाकी करावी लागत नाही.

शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. कार्बन सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असेल तर हाच आकडा ११५० पर्यंत उतरतो. म्हणून बीड पाण्यासारखं पळतं आणि साच्याच्या अरुंद कोपऱ्यांत शिरतं. अडचण पुढे येते. पातळ भाग झटकन निवतो, ग्रॅफाइटला वेगळं व्हायला वेळ मिळत नाही आणि तिथे पांढरं, काचेसारखं कडक बीड तयार होतं, ज्यावर टूल चालत नाही. कामगार याला 'चिल' म्हणतात. भट्टीजवळ एकानं रसाचा छोटा पाचरीसारखा तुकडा ओतला, पाण्यात विझवला आणि हातोड्यानं तोडला. टोकाशी पांढरं, मागे करडं. पांढरा भाग किती, ते बघून लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, ग्रॅफाइट सुटायला मदत करणारं फेरोसिलिकॉन किती टाकायचं हे त्यानं ठरवलं. बुलेटच्या बॅरलच्या पातळ फिन्स ओतताना हा तोल किती नाजूक असेल, ते त्या तुकड्यामुळे कळलं.

माझी गाडी इथली नव्हे, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातली. पण तिला जिवंत ठेवणारं कसब इथलं आहे, आणि ते आलं शेतीतून. उसाचे चरक, नदीवरचे पंप, त्यांना फिरवणारी ऑइल इंजिनं मोडायची. लांबून भाग येईपर्यंत ऊस थांबत नाही. म्हणून दुरुस्ती करणारेच ओतकाम शिकले. त्याच्याही मागे जायला मी एका रविवारी किर्लोस्करवाडीला गेलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानानं, हे दुचाकीवेड्या माणसाला विशेष गोड वाटतं. मग लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि तिथे कारखान्याचं गाव उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, अशी गोष्ट आमच्याकडे सांगितली जाते. ओतकामात मोडका माल फुकट जात नाही. तो पुन्हा भट्टीत पडतो आणि दुसऱ्या साच्यातून बाहेर येतो.

२०१०च्या सुमारास बुलेटचा बिडाचा बॅरल थांबला. ॲल्युमिनियम मिश्रधातू उष्णता जवळपास तिप्पट वाहून नेतो आणि वजनाला निम्म्याहूनही हलका, त्यामुळे बदल योग्यच होता. तरी पिस्टन जिथे घासतो, तिथे नव्या बॅरलच्या आत बिडाचीच बाही बसवलेली असते.

माझा बॅरल आता 'तीस'वर आहे. या वेळी पहिले पाचशे किलोमीटर मी पन्हाळ्याच्या चढाकडेही वळलो नाही. सकाळी सांगली रस्त्यानं, पन्नासच्या आत, दर अर्ध्या तासानं झाडाखाली थांबत. थांबल्यावर फिन्सवरून येणाऱ्या गरम तेलाचा वास घेत बसायचं आणि निवताना होणारी टिकटिक ऐकायची.